वस्तीचा भाव आणि वस्तीतली माणसे

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घराच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांची खोली सोडून ही कुटुंबे ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. जागा तीच, वरळीची, आणि घरासाठी पैसा मोजावा लागला नाही. मुंबईत असे फार वेळा घडलेले नाही. या चाळींमध्ये कोकणातले आणि घाटावरचे गिरणी कामगार होते, पोलीस होते आणि इमारतीच्या इमारती भरून दलित, म्हणजे १९५६ नंतर बौद्ध झालेली कुटुंबे होती. ज्या चाळींत शंभर वर्षांपूर्वी कोणी राहायला यायला तयार नव्हते, त्यांच्या जमिनीला आज सोन्याचा भाव आहे. या भावात तिथल्या रहिवाशाचा वाटा किती, आणि त्याच्या मुलाबाळांना पुढे त्या पत्त्यावर राहणे परवडेल का, हा प्रश्न चाव्यांबरोबरच पुढे आला आहे.

प्रश्न मुंबईपुरता नाही. नागपूरच्या इंदोऱ्याला तो आहे, यवतमाळच्या पाटीपुऱ्यालाही आहे. शहर वाढते, रस्ता रुंद होतो, शेजारी ले-आउट पडतात आणि कालपर्यंत गावाच्या टोकाला असलेली वस्ती अचानक मध्यवर्ती होते. दलित वस्त्यांच्या वाढत्या किमतींविषयी आजवर जे अनुभव आले आणि जी मते मांडली गेली, त्यांचा हा आढावा आहे.

वाद कुठून आला

१९६४ साली रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी लंडनमधल्या एका घडामोडीला ‘जेंट्रिफिकेशन’ असे नाव दिले. इस्लिंग्टनसारख्या कामगार भागांत मध्यमवर्ग घरे विकत घेऊन येतो, भाव चढतो आणि काही वर्षांत जुने रहिवासी तिथे उरत नाहीत, हे त्यांनी टिपले होते. लंडनमध्ये हा वर्गाचा विषय होता. अमेरिकेत त्याला वंशाचा पदर जोडला गेला आणि वाद तिथे अधिक तीव्र झाला.

तिथली पार्श्वभूमी समजून घ्यावी लागते. १९३० च्या दशकात अमेरिकी सरकारच्या गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे केले आणि काळ्या लोकांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या. लाल भाग म्हणजे कर्ज बुडण्याचा धोका. बँकांनी तिथे पाठ फिरवली, घरे पडकी होत गेली, किमती खाली राहिल्या. घर देताना वंशभेद करण्यास कायद्याने बंदी आली ती १९६८ साली. तोवर दोन पिढ्यांचे नुकसान होऊन गेले होते. १९७९ साली भूगोलतज्ज्ञ नील स्मिथ यांनी पुढच्या टप्प्याचे गणित मांडले. जमिनीला आज मिळणारे भाडे आणि तीच जमीन चांगल्या वापरात आणली तर मिळू शकणारे भाडे, यांतली दरी पुरेशी रुंद झाली की सोडून गेलेला पैसा परत येतो. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हेसंटमध्ये तो आला. वॉशिंग्टन शहरात १९७० च्या जनगणनेत काळ्या लोकांचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर होते. २०११ च्या सुमारास ते निम्म्याच्या खाली गेले.

पण पैसा आला म्हणून माणसे हाकलली गेली का, यावर तिथल्या अभ्यासकांत एकमत नाही. लान्स फ्रीमन यांनी २००० नंतरच्या दशकात केलेल्या अभ्यासात असे दिसले की भाव वाढत असलेल्या वस्तीतली गरीब कुटुंबे इतर गरीब वस्त्यांच्या तुलनेत फार जास्त प्रमाणात घर सोडत नाहीत. बदल होतो तो मुख्यतः नव्याने येणारे लोक वेगळे असल्यामुळे. उलट एका अमेरिकी समाजसंस्था-संघाच्या २०१९ च्या अहवालाने २००० ते २०१३ या काळात १ लाख ३५ हजारांहून अधिक काळे आणि हिस्पॅनिक रहिवासी अशा वस्त्यांतून विस्थापित झाल्याचा अंदाज दिला. या दोन्हींच्या आधी, १९८५ साली, पीटर मार्कुस यांनी एक महत्त्वाचे भान दिले होते. कोण गेले एवढे मोजून भागत नाही. जे कुटुंब एरवी तिथे येऊ शकले असते आणि आता भावामुळे येऊच शकत नाही, तेही विस्थापनाच्याच हिशेबात धरले पाहिजे. आपल्याकडे हा मुद्दा जवळजवळ कोणीच उचललेला नाही, म्हणून तो इथे नोंदवून ठेवतो.

अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांशी आपले नाते नवे नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ओकलंडच्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. तरीही दोन गोष्टी सारख्या मानून चालणार नाही. तिथे वस्तीची सीमा कर्जाच्या नकाशाने आखली. इथे ती गावकुसाने आखली होती आणि शहरात आल्यावर तिने फक्त जागा बदलली.

वस्त्या कशा वसल्या

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची टंचाई शिगेला पोचली तेव्हा गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. त्याने २०७ चाळी बांधल्या: वरळीत १२१, नायगावात ४२, डिलाईल रोडला म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीत १२. तळमजला आणि वर तीन मजले, एका मजल्यावर वीस खोल्या, मधून लांबच लांब बोळ, शौचालये सामाईक. एका चाळीत ८० बिऱ्हाडे. सुरुवातीला अनेक खोल्या रिकाम्या पडून होत्या, कारण भाडे जास्त आणि जागा आडबाजूची. पुढे त्या भरल्या त्या शहराच्या सांदीकोपऱ्यांत जागा न मिळणाऱ्यांनी. खोलीत पोटमाळा घातला की वर मुलांचा अभ्यास आणि खाली स्वयंपाक. रात्री बोळात अंथरुणे पडत.

गिरणीतही जातीची रेघ होतीच. कांडी भरताना धागा तोंडाने ओढावा लागे म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्य मजुरांना घेत नसत, आणि पगार तर त्या खात्यातच जास्त होता. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा लावून धरला होता. स्वतः बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत दोन दशके राहिले, नंतर दादरला राजगृहात गेले. दलित कामगाराचे कमी वेतन आणि त्याचा चाळीतला पत्ता या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू होत्या.

या वस्त्यांनी दिलेही पुष्कळ. विहार, वाचनालय, जयंतीची मिरवणूक, शाहिरीचे फड, रात्रशाळा, निवडणुकीत एकगठ्ठा मत. जानेवारी १९७४ मध्ये वरळीत दंगल पेटली तेव्हा बौद्धांच्या चाळी कोणत्या आणि सवर्णांच्या कोणत्या हे सगळ्यांना ठाऊक होते. त्या ठाऊक असण्यात धोका होता आणि आधारही. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. वस्ती पुढे उभी राहिली ती एकमेकांच्या जोरावर. वस्ती मोडली तर काय मोडते, याचा विचार करताना चौरस फुटांबरोबर हेही मोजावे लागते.

मुंबईने काय दाखवले

पहिला अनुभव गिरणगावाचा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त रिकाम्या असलेल्या जमिनीला लागू झाली, बांधकामाखालची जमीन वगळली गेली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आला, आजूबाजूला कार्यालये आणि उंच इमारती आल्या. गिरणी कामगारांना सोडतीतून काही घरे मिळाली, पण हजारो वारस अजून वाट पाहत आहेत. परळ-लालबागचा मराठी कामगार डोंबिवली, बदलापूर, विरारकडे सरकला. इथे सरकारने कोणाचे घर पाडले नाही. रोजगार गेला आणि मागोमाग माणूस गेला.

दुसरा अनुभव झोपडपट्टी पुनर्वसन योजनेचा. १९९५ पासून चाललेल्या या योजनेचे सूत्र सगळ्यांना माहीत आहे: विकासकाला जादा चटईक्षेत्र, रहिवाशाला मोफत घर. घराचे क्षेत्र २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि पुढे ३०० झाले. पात्रतेची तारीख १९९५ वरून २००० वर आली, आणि २००० ते २०११ मधल्यांसाठी सशुल्क घराची सोय झाली. धारावीचे कंत्राट नोव्हेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाकडे गेले. तिथे १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरच्या पात्र रहिवाशाला धारावीतच ३५० चौरस फुटांचे घर आहे. त्यानंतर आलेल्यांना आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना धारावीबाहेर जावे लागेल. धारावीत सगळ्या प्रांतांचे, सगळ्या धर्मांचे लोक आहेत. चर्मकार, ढोर, कुंभार अशा जातींचे धंदे मात्र त्याच गल्ल्यांत रुजले आहेत. घर मुलुंडला आणि गिऱ्हाईक धारावीत, ही ओढाताण अजून सुटलेली नाही. रमाबाई नगरचा पुनर्विकासही एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून करत आहेत.

तिसरा अनुभव बीडीडीचा, आणि तो वेगळा आहे तो जमीन सरकारी आणि विकासक म्हाडा असल्यामुळे. भूमिपूजन २०१७ साली झाले, मधली काही वर्षे काम अडले, २०२१ मध्ये वरळीत पुन्हा सुरू झाले. तिथल्या पुनर्वसनाच्या इमारती चाळीस मजली आहेत. बारा वर्षे देखभाल म्हाडा करणार. हे आश्वासन लहान नाही. लिफ्ट, पंप, अग्निशमन, सुरक्षारक्षक यांचा मासिक खर्च चाळीच्या भाड्याच्या कितीतरी पट असतो. तेरावे वर्ष उजाडेल तेव्हा निवृत्त गिरणी कामगाराच्या विधवेला हा खर्च झेपेल का, यावर या योजनेचे खरे यश ठरेल असे मला वाटते.

मतांचे प्रवाह

पहिले मत पुनर्विकासाच्या बाजूचे आहे आणि ते वस्तीतूनच जोराने येते. १६० चौरस फुटांत चार पिढ्या काढलेल्यांना ‘वस्तीची संस्कृती’ बाहेरच्या अभ्यासकाने शिकवू नये, असे ही मंडळी म्हणतात. सामाईक संडासापुढची रांग, लग्न झालेल्या मुलाला आडोसा नाही, मुलीला कपडे बदलायला जागा नाही. ज्यांनी हे भोगले त्यांना स्वतःच्या घरातला संडास हा प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. भाव वाढला तर वाढू द्या. आजवर दलिताकडे वारसाहक्काने येण्यासारखी मालमत्ताच नव्हती, ती पहिल्यांदा येते आहे. हा युक्तिवाद मजबूत आहे. शिक्षण आणि नोकरी यांनी एका पिढीत जे दिले नाही ते एका घराच्या कागदाने दिल्याची उदाहरणे आहेत.

दुसरे मत विस्थापनाकडे बोट दाखवते. मोफत मिळालेले घर ठरावीक मुदतीनंतर विकता येते, आणि कर्ज, आजारपण, मुलीचे लग्न, भावाभावांतली वाटणी यांपैकी काहीही आले की ते विकले जाते. पैसे हातात येतात, पण त्या पैशांत त्याच भागात दुसरे घर येत नाही. कुटुंब शहराच्या टोकाला जाते. शाळा, दवाखाना आणि कामाची ठिकाणे मागे राहतात. शिवाय पात्रतेच्या यादीत नाव नसलेला भाडेकरू तर पैसेही न घेता जातो. वस्ती पांगली की वॉर्डातले मत पांगते, विहाराची वर्गणी गोळा होत नाही, अत्याचाराची घटना झाली तर तासाभरात रस्त्यावर येणारी माणसे राहत नाहीत.

तिसरे मत थोडे अवघड जागी बोट ठेवते: जातीच्या वस्तीत राहणे हेच मुळात ध्येय का असावे? बाबासाहेबांनी खेडे सोडून शहरात या असे सांगितले होते, ते जातीचा पत्ता मागे टाकण्यासाठी. नोकरीतला दलित मध्यमवर्ग वस्ती सोडून मिश्र सोसायट्यांत गेला, यात विस्थापन कुठे आले? वस्ती टिकवण्याचा आग्रह म्हणजे वेगळेपण टिकवण्याचा आग्रह ठरू नये, असे हे लोक बजावतात.

या तिसऱ्या मताला उत्तर मिळते ते घरभाड्याच्या बाजारातून. २०१५ साली सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेला अभ्यास ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. भाड्याने घर मागणाऱ्यांचे आडनाव बदलले की उत्तर बदलते, असे त्यात दिसले. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना थेट नकार किंवा जादा अटी सवर्णांपेक्षा कितीतरी जास्त मिळाल्या. त्याआधी २०१२ साली त्याच नियतकालिकात देशातल्या सात मोठ्या शहरांच्या वॉर्डांचा अभ्यास आला होता. त्यानुसार शहरी वस्त्या आर्थिक स्तरापेक्षा जातीवर अधिक विभागलेल्या आहेत. २००५ साली झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एखाद्या समाजापुरते सदस्यत्व ठेवण्याचा संस्थेचा उपविधी वैध ठरवला. अमेरिकेतल्या १९६८ च्या कायद्यासारखा, घर नाकारण्याला थेट चाप लावणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. वस्ती सोडणाऱ्यापुढे शहराची सगळी दारे उघडी असती तर तिसरे मत बिनतोड ठरले असते. दारे निवडक उघडतात, म्हणून वस्तीतल्या घराची किंमत रुपयांत जेवढी दिसते त्याहून जास्त असते.

विदर्भ आणि यवतमाळ

नागपूरचे उत्तर नागपूर, इंदोरा आणि कामठी रोड हा आंबेडकरी चळवळीचा बालेकिल्ला. एम्प्रेस मिलच्या काळापासून इथे दलित कामगार आहे आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर हा भाग बौद्ध नागपूर म्हणून ओळखला जातो. डिसेंबर २०२२ मध्ये कामठी रोडवरून मेट्रो धावू लागली आणि इंदोरा चौकात स्थानक आले. जगभर मेट्रो स्थानकाभोवती जमिनीचे भाव चढतात. इंदोऱ्यात घरमालक बहुसंख्येने तिथलेच आहेत, त्यामुळे मुंबईपेक्षा चित्र वेगळे निघण्याची शक्यता आहे. भाववाढीचा लाभ वस्तीतच राहतो का, हे तपासायला याहून चांगली जागा राज्यात नसेल.

यवतमाळ जिल्ह्यात तर प्रश्नाचे रूपच बदलते. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार, त्यात अनुसूचित जमाती साडेअठरा टक्के आणि अनुसूचित जाती सुमारे बारा टक्के. यवतमाळ हे कापसाच्या बाजारपेठेचे गाव. जिनिंग-प्रेसिंगची हमाली, नगरपरिषदेची सफाई आणि बांधकामावरची मजुरी करणारा वर्ग पाटीपुरा, तलाव फैल यांसारख्या भागांत वसला. उमरसरा, वाघापूर, लोहारा, वडगाव हे शेजारचे भाग आता शहरातच जमा आहेत. नागपूर-तुळजापूर महामार्ग चौपदरी झाला. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेचा वर्धा ते कळंब हा टप्पा सुरू झाला. रेल्वे यवतमाळात येणार म्हणून प्लॉटचे व्यवहार आधीच चढ्या भावाने होतात. रस्ता, धरण आणि वणीकडच्या कोळसा खाणीत शेती गेलेल्यांचा मोबदलाही शहरातल्या प्लॉटकडेच वळतो. सरकारी बाजारमूल्याच्या दरात १ एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या नगरपरिषद आणि नगरपंचायत क्षेत्रांत सरासरी ४.९७ टक्के वाढ झाली. हा कागदावरचा आकडा. इसार देताना बोलला जाणारा भाव त्याहून बराच वर असतो.

इथे चाळीस मजली इमारत कोणी बांधणार नाही. इथला सगळा खेळ कागदाचा आहे. वस्तीतल्या एका घराची पिशवी उघडली तर काय निघते? नगरपरिषदेची टॅक्स पावती, वीजबिल, रेशनकार्ड, कधी आजोबांच्या नावचा जुना पट्टा. आखीव पत्रिका बहुधा नसते, असली तर तिच्यावर वारसांची नोंद नसते. आजोबा जाऊन तीस वर्षे झाली, तीन मुलगे तीन खोल्यांत राहतात, लग्न होऊन गेलेल्या दोन बहिणींचा हक्क कोणी विचारलेला नाही. टॅक्स पावती म्हणजे मालकी नव्हे, हे घरकुलाचा अर्ज फेटाळला जातो तेव्हा कळते. रमाई आवास योजनेत शहरी भागात अडीच लाखांचे अनुदान आहे, पंतप्रधान आवास योजनेतही स्वतः घर बांधणाऱ्याला तेवढीच रक्कम मिळते. पण दोन्हींचा पहिला प्रश्न एकच: जागा कोणाच्या नावावर?

या अडचणीवर सरकारने काही वाटा काढल्या आहेत. १ जानेवारी २०११ पूर्वीची सरकारी जमिनीवरची निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण २०१८ पासून आहे. २००१ चा गुंठेवारी कायदा २०२१ मध्ये दुरुस्त होऊन त्याची तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आली. २०२४ साली नागपूर आणि अमरावती विभागातल्या निवासी नझूल भूखंडांसाठी अभय योजना आली. योजना कागदोपत्री उदार आहेत. मोजणी, नकाशा, प्रतिज्ञापत्र, चलन यांत रोजंदारीचे दिवस जातात. ज्याच्या घरात एखादा शिकलेला, चिकाटीने फाइलीमागे लागणारा माणूस आहे त्याचा पट्टा होतो. शेजाऱ्याचा राहतो. मग भाव वाढला की पट्टेवाला मालक म्हणून विकतो किंवा बांधतो, आणि बिनपट्ट्याचा ‘ताबा’ विकून निम्म्या पैशांत शहराबाहेर जातो. एकाच गल्लीतल्या दोन घरांचे भवितव्य असे वेगळे होते.

भाडेकरूचा विचार तर सर्वांत कमी झाला आहे. वैद्यकीय महाविद्यालय आणि स्पर्धा परीक्षांचे वर्ग यांमुळे यवतमाळात खोल्यांना मागणी आहे. खेड्यातून येणारा बौद्ध किंवा आदिवासी विद्यार्थी आधी ओळखीच्या वस्तीत खोली बघतो, कारण दुसरीकडे आडनाव विचारले जाते. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या स्वाधार योजनेत जिल्हा ठिकाणी वर्षाला ४३ हजार रुपये मिळतात. त्यांपैकी निवासासाठी १२ हजार, म्हणजे महिन्याला हजार. ही योजना २०१६-१७ ची आहे. वस्तीतल्या खोलीचे भाडे वाढले की त्या मुलाच्या जेवणाच्या रकमेतून ते भरले जाते. मार्कुस यांनी सांगितलेले, येऊच न शकलेले माणूस शोधायचे तर या मुलांपासून सुरुवात करावी.

काय सुटलेले नाही

या सगळ्यातून काही गोष्टी बऱ्यापैकी स्पष्ट होतात. जमीन सरकारी, घर त्याच जागी आणि पात्रतेची यादी सर्वसमावेशक असेल तर भाववाढीचा लाभ रहिवाशाला मिळू शकतो. बीडीडीने निदान पहिल्या टप्प्यात ते दाखवले. यादीची तारीख जितकी जुनी तितकी बाहेर पडणारी माणसे जास्त. लहान शहरात पुनर्विकासापेक्षा मालमत्तेची नोंद निर्णायक आहे.

अनिर्णित बाबी मात्र मोठ्या आहेत. घर विकून गेलेली कुटुंबे कुठे गेली आणि तिथे त्यांचे बरे झाले की वाईट, याची सलग नोंद नाही. विकण्यावर मुदतीचे बंधन असावे की नसावे, यावर दोन्ही बाजूंना वजन आहे. बंधन ठेवले तर गरिबाची मालमत्ता अडकते, काढले तर ती लवकर हातची जाते. स्त्रीच्या नावावर घर असले तर विक्री कमी होते असा अनेक कार्यकर्त्यांचा अनुभव आहे, पण तो आकड्यांनी तपासलेला नाही. विहार, वाचनालय, जयंतीचे मैदान या सामाईक जागांना पुनर्विकासाच्या आराखड्यात क्षेत्रफळ मिळते, त्यांच्यावर नियंत्रण कोणाचे हे ठरत नाही. आणि भाडेकरू तर कोणत्याच हिशेबात नाही.

मला सर्वांत जास्त खटकते ती नोंदीची उणीव, कारण ती भरून काढणे आपल्या हातात आहे. नगरपरिषदेत चार वर्षांनी एकदा कर आकारणीची फेरतपासणी होते आणि त्या यादीत घरमालकाबरोबर प्रत्यक्ष राहणाऱ्याचे नावही लिहिले जाते. पाटीपुरा आणि तलाव फैलच्या गेल्या तीस-चाळीस वर्षांच्या या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या तर कोण टिकले, कोण विकून गेले आणि मालकाच्या जागी भाडेकरू कधी आला, हे घरोघर दिसेल. यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड इथल्या नगरपरिषदांनी त्या याद्या अभ्यासासाठी खुल्या कराव्यात आणि जिल्ह्यातल्या समाजकार्य व समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना घेऊन हे काम रेल्वे यवतमाळात पोचण्याआधी सुरू करावे, अशी त्यांना विनंती आहे.